मुखदर्शन आणि पदस्पर्श

पौष महिना आम्हा कीर्तनकारांना जरा भाकडच जातो. कार्तिकी होऊन गेलेली, माघवारी अजून पुढे, लग्नकार्ये बंद. वीणा खुंटीला आणि आम्ही ओसरीवर उन्हाला, असा प्रकार. अशा वेळी लिहिण्याचे राहिलेले काम उरकता येते. या अंकासाठी पुंडलिकाच्या मातृपितृसेवेवर निरूपण लिहावे म्हणून आम्ही जुनी टिपणे काढून बसलोही होतो. परंतु मध्येच अशी एक गोष्ट घडली की ती टिपणे बाजूला ठेवावी लागली, आणि पावणेचार वर्षांपूर्वी आमच्याच तोंडून गेलेला एक शब्द परत घेण्याची पाळी आमच्यावर आली. तीच हकीकत सांगतो. पुंडलिक तिच्यात आपोआप येईल.

आमचे मानोरा हे तालुक्याचे गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा निराळा झाला, तेव्हापासून आमचे कागद वाशीमला जातात; बाजारहाट मात्र कारंजा आणि दिग्रस. कपाशी, तूर, सोयाबीन यांवर पोट. आगगाडी गावाला कधीच नव्हती. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला गाडी कारंज्यावरून, दारव्ह्यावरून जात असे, तीही बंद पडून वर्षे झाली. अशा गावातला एक मुलगा शिकून ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी गेला, तिकडेच स्थिरावला. त्याचे वडील आमच्या दिंडीतले टाळकरी. चाळीस वर्षे आमच्या डाव्या हाताला उभे राहिले. आमचे घर आणि त्यांचे घर यांत एक बोळ तेवढा. त्यांच्या अंगणात तांब्या पडला तर आमच्या माजघरात ऐकू येतो.

हे आमचे टाळकरी एप्रिल २०२१ मध्ये त्या महामारीत गेले. मुलगा येऊ शकला नाही. त्या काळी ऑस्ट्रेलिया सरकारचा नियम असा होता की २०२० च्या मार्चपासून २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत तिथल्या नागरिकाला आणि कायम रहिवाशालासुद्धा विशेष परवानगीवाचून देशाबाहेर पडता येत नसे. आणि मे २०२१ मध्ये तर हिंदुस्थानातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना त्यांनी काही दिवस दार लावून घेतले होते. हे सारे आम्हाला आज ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही वाटली नाही. अग्नी पुतण्याने दिला.

पुढे वर्षश्राद्धाला, म्हणजे २०२२ च्या चैत्रात, गावच्या विठ्ठल मंदिरात आमचे कीर्तन झाले. मृदंग चांगला लागला होता, माणूस भरपूर होता, आणि आमच्या जिभेवर त्या दिवशी सरस्वतीऐवजी दुसरेच कोणी बसले असावे. पुंडलिकाचे आख्यान लावले आणि भर कीर्तनात बोलून गेलो की, एक पुंडलिक असा की बापाचे पाय सोडवेनात म्हणून देवाला विटेवर तिष्ठत ठेवतो, आणि एक आजचा पुंडलिक असा की बापाच्या चितेला फोनवरून पाहतो! लोकांनी टाळ्या दिल्या. बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत त्या मुलाची आई बसलेली होती. ती उठली नाही. शेवटी आरतीला आली, नारळ ठेवला, पायावर डोके ठेवून गेली. आम्हाला वाटले, बोध पोचला.

असो. आता गेल्या पौषाकडे येतो.

हा मुलगा २०२२ च्या डिसेंबरात एकटा आठ दिवस येऊन गेला होता. परंतु सून आणि लेकरे यांना घेऊन येणे, ते महामारीनंतर पहिल्यांदाच. मोठी नात नऊ वर्षांची. ती दुसऱ्या वर्षी जावळाला आली होती, तिला त्याची आठवण असणे शक्य नाही. धाकटा नातू पाच वर्षांचा; त्याने तर हे घर, ही आजी कधीच डोळ्यांनी पाहिली नव्हती. तिकडे ऋतू उलटे. आपल्याकडे शेकोटी पेटते तेव्हा तिकडे उन्हाळा, म्हणून शाळेची मोठी सुट्टी नाताळाआधी लागते ती जानेवारीच्या अखेरीपर्यंत. नोकरदाराला मात्र वर्षाची चार आठवडे पगारी रजा, आणि नेमकी याच दिवसांत विमानाची तिकिटे सर्वांत महाग. दोन वर्षे पैसे बाजूला टाकून हे चौघे निघाले. लेकरांचा जन्म तिकडचा, पारपत्र तिकडचे. तेव्हा नातवाला आजीच्या ओसरीवर पाय ठेवण्यासाठी सुद्धा हिंदुस्थान सरकारचे ओसीआय कार्ड काढावे लागले. आजीच्या घरी जायला परवाना! आम्हाला हे ऐकून हसू आले, आणि नंतर हसू आल्याचे वाईट वाटले.

बारा-तेरा तासांचे एक विमान, मग मुंबईहून नागपूरचे दुसरे, मग समृद्धी महामार्गाने कारंज्यापर्यंत मोटार. नागपूर ते शिर्डी हा त्या महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून नागपूर आमच्या फार जवळ आले आहे. कारंज्याहून मानोऱ्याचा रस्ता मात्र आपला जुनाच. रात्री साडेनवाला मोटार बोळाच्या तोंडाशी लागली.

आता जे झाले ते आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले, कारण भाकरतुकड्याने ओवाळायला आमच्या घरची मंडळी गेली होती आणि आम्ही मागे उभे होतो. म्हातारी दारात उभी. नात पुढे आली, शिकवून ठेवल्याप्रमाणे वाकली. धाकटा मात्र बापाच्या मांडीआड उभा राहून आजीकडे एकटक पाहत होता. तोंडाकडे नव्हे, खाली. मग मोठ्याने म्हणाला, "बाबा, आजीला पाय पण आहेत!"

सगळे हसले. म्हातारीही हसली. लेकराचे काय चुकले? दर रविवारी फोनच्या काचेत त्याने आजी पाहिली ती गळ्यापर्यंत. कपाळ, कुंकू पुसलेली जागा, चष्मा, हनुवटी. एवढीच त्याची आजी. त्याच्या लेखी आजी म्हणजे मुख.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. पंढरीस ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना सांगायला नको की, तेथे दोन रांगा असतात. एक मुखदर्शनाची. ती लवकर सरकते. लांबून देवाचे मुख दिसते, हात जोडायचे, पुढे व्हायचे. दुसरी पदस्पर्शाची. आषाढीला ती तासच्या तास, रात्रच्या रात्र पुढे सरकत नाही. पाय सुजतात, म्हातारी माणसे भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलक्या घेतात, आणि शेवटी विटेवरच्या त्या पायांवर क्षणभर डोके टेकते न टेकते तोच मागून हात येतो, चला माउली, पुढे चला. एका क्षणासाठी एवढा खटाटोप. मुखदर्शन खोटे आहे काय? मुळीच नाही. तोच देव, तेच मुख. ज्याला रांगेत उभे राहण्याचे बळ नाही, त्याने मुखदर्शन घेतले तर त्याची वारी उणी ठरत नाही. मंदिराच्या जतनाच्या कामासाठी १५ मार्च २०२४ पासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्श बंद होता, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राने मुखावरच भागवले. आणि २०२० साली तर तेही नाही. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीत बसून पंढरीला गेल्या आणि आम्ही घरच्या तुळशीला प्रदक्षिणा घातल्या. त्या आषाढीला कोणी आम्हाला म्हणाले असते की तुमची भक्ती संपली म्हणून तुम्ही आला नाहीत, तर आम्ही त्याचे तोंड पाहिले असते का?

आणि नेमके हेच आम्ही त्या पोराला म्हणालो होतो. भर मंदिरात.

पहिल्या आठवड्यात एक मौज झाली. मेलबर्नचे घड्याळ त्या दिवसांत आपल्यापुढे साडेपाच तास धावते. तिकडे सकाळचे आठ वाजले की येथे रात्रीचे अडीच. लेकरांच्या अंगात घड्याळ तिकडचेच. तेव्हा रात्री अडीचला दोघेही टक्क जागी. आई-बाप बिचारे प्रवासाने मेलेले, त्यांना डोळे उघडवेनात. आणि घरात त्या वेळी उठणारे दुसरे माणूस एकच, आजी. काकड्याला तीनला उठण्याची चाळीस-पन्नास वर्षांची सवय. कार्तिक संपला तरी ती सुटत नाही. नातवंडांनी डोळे उघडले तो चुलीत पऱ्हाट्या पेटलेल्या, हांडा चढलेला, आणि आजी काहीतरी गुणगुणत अंगण झाडायला निघालेली. आई-बापांनी ठरवून हे जमले नसते! दोन खंडांची दोन घड्याळे आणि ती ब्राह्ममुहूर्तावर येऊन मिळाली. भाषा म्हणाल तर नातीला रविवारच्या मराठी शाळेतली पुस्तकी मराठी येते, आजीला येते आमची वऱ्हाडी. नात विचारी, "आजी, तू काय करत आहेस?" आजी म्हणे, "पानी तापवून राह्यली बापा." नात म्हणे, "राह्यली म्हणजे कुठे राहिली?" हा संवाद बोळातून आम्हाला ऐकू येई आणि आम्ही अंथरुणात हसत असू.

पाण्यावरून मात्र एकदा ठिणगी पडली. सून लेकरांना बाटलीचे पाणी देई. म्हातारीला ते लागले. घरच्या विहिरीचे पाणी, ज्यावर तिचा नवरा वाढला, मुलगा वाढला, ते नातवाला विषासारखे! ती आमच्याकडे येऊन बोलली. आमच्यापुढे प्रश्न आला म्हणजे आम्हाला निवाडा द्यावा असे वाटते, ही कीर्तनकाराची खोड, पण या खेपेला आम्ही जिभेला आवर घातला आणि विचारले, "वहिनी, आपण पंढरपूरला पहिल्यांदा गेलो तेव्हा चंद्रभागेच्या वाळवंटात तुमच्या मुलाला काय झाले होते?" तिला आठवले. हगवण लागली होती, चार दिवस पोर हाती लागेल की नाही असे झाले होते. मग आम्ही सांगितले की पोटाला पाणी ओळखीचे व्हावे लागते, यात मान-अपमान नाही. हांड्यात पाणी खळखळ उकळा, गार करा, आणि तुमच्याच तांब्यातून द्या. सुनेनेही ते मान्य केले. बाटल्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून लेकरे तांब्याला तोंड लावायला भांडू लागली, ही निराळीच पंचाईत!

सुनेचीही बाजू सांगितली पाहिजे. तिचे माहेर अमरावतीकडचे. चार आठवड्यांत येण्याजाण्याचे दिवस गेले, उरलेल्यांत तिने माहेरी आठ दिवस मागितले तर म्हातारी बोटांवर दिवस मोजू लागली. आम्ही म्हटले, वहिनी, आपण वऱ्हाडातले लोक, आपल्याला माहेरचा विसर पडून कसे चालेल? वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. तेथून आजही दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरीस जाते, चारशे वर्षांहून जुनी परंपरा तिची सांगतात. म्हणजे आपला वऱ्हाड देश ही साक्षात पांडुरंगाची सासुरवाडी! आपल्या लेकीला, सुनेला माहेर आपण नाही म्हणायचे तर म्हणायचे कोणी? ती गेली, आठाऐवजी सहाच दिवसांत परतली.

माहेर या शब्दापाशी थोडे थांबतो. आपल्या संतांनी पंढरीला माहेर म्हटले आणि आम्ही ते हजार वेळा कीर्तनात सांगितले. माहेर म्हणजे जेथून जावे लागते आणि जेथे परत यावेसे वाटते ते स्थान. जी लेक घरातून गेलीच नाही तिला घर असते, माहेर नसते. आमच्या लहानपणी मे महिन्यात गावोगावच्या लेकी लेकरे घेऊन येत, महिनाभर राहत, जाताना पापड-कुरडयांचा डबा आणि डोळ्यांत पाणी घेऊन जात. आजचा काळ असा की मुलगाच सासरी गेला आणि माहेरवाशीण होऊन आला! तो रात्री आईच्या मांडीवर डोके ठेवून बंगईवर पडे, तेव्हा त्याच्या तोंडावर जे दिसे ते आम्ही सासुरवाशिणींच्याच तोंडावर पाहिले आहे. आम्ही पाठशाळेत लघुकौमुदी घोकली, तेव्हापासून शब्दांची साल काढून पाहण्याची सवय. प्रवास या शब्दात वस् धातू आहे, वस्ती करणे. त्याला प्र लागून अर्थ झाला घरापासून दूर राहणे. आपण समजतो की विमानात बसला तो प्रवास. नव्हे. मेलबर्नच्या घरात पंधरा वर्षे राहणे हा त्याचा प्रवास, आणि विमानात बसला तेव्हा प्रवास संपत आला. तसाच अतिथी. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, असे आमचे गुरुजी सांगत. या चौघांच्या हातात तर येण्याचीच काय, परतीची तिथीसुद्धा छापलेली होती. तेव्हा ते अतिथी नव्हेत, पाहुणे म्हणून त्यांना वागवणे हे शब्दालाही धरून नाही. आणि नातू हा शब्द संस्कृत नप्तृ शब्दातून आला. त्याच्यामुळे पितर खाली पडत नाहीत, अशी त्याची जुनी उकल आहे. हे सारे आम्हाला पाठ होते. २०२२ सालीही पाठ होते.

संक्रांतीच्या आधी चार-पाच दिवस असतील. तुरीच्या शेंगांचा हंगाम. म्हातारी ओसरीवर सोले काढीत बसली होती, आम्हीही मदतीला बसलो. मंडळी पोहरादेवीला गेली होती. पोहरादेवी आमच्याच तालुक्यात. सेवालाल महाराजांची समाधी तेथे आहे, रामनवमीला देशभरचा बंजारा समाज लोटतो, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे बंजारा समाजाच्या इतिहासाचे मोठे वस्तुसंग्रहालय सुरू झाले. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखेच्या मुलूख ओलांडणारे ते लोक. आजही आमच्याकडच्या तांड्यांतून कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्या-मुंबईला बांधकामावर जातात आणि म्हातारे-कोतारे नातवंडे सांभाळीत मागे राहतात. परदेश काय तो मेलबर्नलाच असतो असे नाही. असे काहीबाही आम्ही बोलत होतो. म्हातारी सोले काढता काढता म्हणाली,

"महाराज, तुमी त्या दिवशी माह्या पोराले गावासमोर बोलले."

आमचा हात थांबला.

"मी उठली नाही. काहून उठू? देवाचं कीर्तन होतं. पन तुमाले एक सांगतो. यायचे बाबा दवाखान्यात होते तवा बारा दिवस माह्या उशाशी फोन चालू होता. तिकडे तो जागा, इकडे मी जागी. बोलाले काई नव्हतं. पन त्यानं फोन बंद नाही केला. माहा डोया लागे, मी दचकून उठे, तर त्यात हा दिसे. 'मी हाये माय' म्हने."

थोडा वेळ गेला. मग तिने विचारले, "तुमचा पोरगा पुन्यात हाये ना? तो किती डाव येते?"

वाचकहो, आमचा मुलगा पुण्यास आहे. रात्री गाडीत बसला तर सकाळी दारात. दिवाळीला दोन दिवस येतो. त्याला आम्ही कधी व्यासपीठावरून बोललो नाही. आम्ही सोले घेऊन तसेच बसून राहिलो.

त्या रात्री पुंडलिकाचे आख्यान आम्ही पुन्हा मुळापासून आठवून पाहिले. चाळीस वर्षे सांगतो आहोत, आणि चाळीस वर्षे त्याचा उत्तरार्धच रंगवून सांगतो. पुंडलिक आधी कसा होता? बायकोला घेऊन वेगळा झालेला, काशीयात्रेला निघाला तर आपण घोड्यावर आणि म्हातारे आई-बाप पायी. तो दूर गेला, भरकटला, कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि मग परतला. परतलेल्याचेच पुढे तीर्थ झाले. जर त्याच्या घोड्यामागे एखादा कीर्तनकार हातात चिपळ्या घेऊन धिक्कार करीत धावला असता, तर तो परतला असता की घोड्याला टाच मारून आणखी पुढे गेला असता, हा प्रश्न आम्ही आम्हालाच केला. आणि नामदेवराय? पंढरीच्या महाद्वाराशी ज्यांची पायरी, त्यांनीही उत्तरेत दीर्घकाळ वास केला. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांचे स्थान आहे, गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांनी पंढरी सोडली असे कोणी म्हणत नाही. पंढरी त्यांच्याबरोबर गेली.

यंदा १४ जानेवारी २०२६ ला संक्रांत आणि षट्तिला एकादशी एकाच दिवशी आली. देवळात कीर्तन आमचेच होते. जागा तीच, मृदंग तोच, बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत ती आणि तिच्या मांडीला टेकून नात. पुरुषांत मुलगा, धाकट्याला खांद्यावर घेऊन. निरूपण संपत आले तेव्हा आम्ही टाळ थांबवले. म्हणालो, मंडळी, २०२२ च्या चैत्रात याच ठिकाणी उभे राहून आम्ही एका मुलाबद्दल बोललो. त्याच्या बापाच्या चितेचे नाव घेऊन बोललो. देश बंद होते, दारे बंद होती, आणि तो बारा रात्री जागा होता, हे आम्ही विचारले नाही. ते बोलणे पुंडलिकाचे नव्हते, आमचे होते. ते आम्ही परत घेतो, आणि त्याच्या आईच्या पाया पडतो. असे म्हणून आम्ही खाली उतरलो आणि पडलो. ती आमच्याहून चार वर्षांनी मोठी आहे, त्यात संकोच कसला? ती मात्र "महाराज, महाराज" करीत मागे सरली आणि रडू लागली. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

आमची समजूत अशी की, शब्द परत घेतला, विषय मिटला. कीर्तनानंतर तिळाचे लाडू वाटले जात होते तेव्हा तो मुलगा जवळ आला. म्हणाला, "महाराज, ते कीर्तन मी तेव्हाच ऐकलं होतं. भावानं फोनवर पाठवलं होतं. कामावर जाताना गाडी रस्त्याच्या कडेला लावून ऐकलं. अजून आहे माझ्याजवळ." आम्ही म्हटले, आता पुसून टाक. तो म्हणाला, "नाही. तुम्ही परत घेतलंत, पण त्यातलं एक वाक्य मला परत देता येत नाही. आई एकटी आहे, हे तुम्ही खोटं थोडंच बोललात?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आज लिहितानाही नाही. आईला तिकडे न्यावे तर म्हाताऱ्या आई-बापांना कायम राहण्याच्या साध्या परवान्याची तिथे रांग काही दशकांची. आपल्या पदस्पर्शाच्या रांगेला लाजवील अशी. पैसे फार मोजले तर दुसरा परवाना थोडा लवकर मिळतो, पण तिला विचारले तर ती म्हणते, "माही तुयस कोन पाहीन? गाय कोन बांधीन?" त्याने परत यावे तर लेकरांची शाळा, सुनेची नोकरी, घराचे कर्ज. तो हिशेब करून थकला आहे. दरवर्षी एकदा येईन, वारी धरल्यासारखा येईन, एवढे तो म्हणाला. आम्ही तुळशीची माळ त्याच्या गळ्यात घातली नाही. माळ घातली की नेम आला, आणि नेम मोडला तर तेही त्याच्याच डोक्यावर. फक्त त्याचा हात धरून बसलो.

१६ तारखेला सकाळी मोटार आली. आदल्या रात्री सामान भरताना म्हातारीने तुळशीच्या मंजिऱ्या फडक्यात बांधून दिल्या होत्या, तिकडे कुंडीत लावायला. त्या काढाव्या लागल्या. तिकडच्या विमानतळावर बी-बियाणे, माती, दुधाची मिठाई यांची कडक तपासणी होते. नातीने आजीच्या गळ्यातल्यासारखी माळ मागितली होती, ती मात्र न्यायची ठरली. लाकडाचे मणी आहेत असे आधी कागदावर लिहून दाखवायचे. दारात दही-साखर हातावर दिले. धाकटा मोटारीत चढता चढता ओरडला, "आजी, मी जातो!"

बोळातल्या साऱ्या बायका एकदम म्हणाल्या, "जातो नाही रे, येतो म्हनाव!"

पोर गोंधळले. बापाकडे पाहू लागले. जातो आहोत हे तर दिसतच आहे, मग येतो का म्हणायचे? नातीने त्याला पुस्तकी मराठीत समजावून सांगितले, "इथे असेच म्हणतात." मग त्याने काच खाली केली आणि, "आजी, मी येतो, येतो, येतो," असे मोटार वळेपर्यंत म्हणत राहिला. म्हातारी दिवसभर जेवली नाही.

आता माघ लागला. माघवारीला निघण्याची आमची बांधाबांध चालली आहे. परवा पहाटे तीनला जाग आली ती बोळापलीकडच्या आवाजाने. चूल पेटलेली दिसत होती. तिकडे साडेआठ, शाळा सुरू झाल्या, लेकरांची निघण्याची वेळ. म्हातारीचा फोन चुलीजवळच्या कोनाड्यात उभा केलेला, आणि त्यातून धाकट्याचा आवाज स्पष्ट येत होता.

"आजी, तोंड नको. पाय दाखव."

म्हातारीने फोन हातात घेतला आणि खाली, जमिनीकडे वळवला.